सगळं एकदम अंगावर येतं, आणि दर काही आठवड्यांनी येतं: बिघाड कुठे शोधायचा

लक्षण असं. सकाळी कामाला बसता. काय करायचं आहे हे माहीत असतं, किंबहुना जरा जास्तच नीट माहीत असतं. तरी हात कशालाच लागत नाही. एक काम काढता, त्यात दुसरं आठवतं, ते करायला उठता तोवर तिसऱ्यासाठी फोन येतो, आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की आपण नुसतेच खोलीच्या मध्यभागी उभे आहोत. कुणी साधं काही विचारलं तरी खेकसावंसं वाटतं. मग एखाद्या शनिवार-रविवारी कंबर कसून सगळा ढीग उपसता. चार दिवस बरे जातात. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

यातलं ‘पुन्हा तेच’ महत्त्वाचं. घर बदललं, कुणी आजारी पडलं, कामावर वर्षअखेरीची धावपळ आली आणि तेवढ्यापुरतं डोक्यावरून पाणी गेलं, तर त्याला वेगळं निदान लागत नाही. प्रसंग सरला की तेही सरतं. हे लिहिते आहे ते ज्यांना दर काही आठवड्यांनी, काही खास घडलेलं नसताना, जीव मेटाकुटीला आल्यासारखं होतं त्यांच्यासाठी. मी त्यांच्यातलीच. दर वेळी वाटायचं की या खेपेला कामं जास्त होती म्हणून झालं. शेवटी वैतागून एक वही केली आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवली. पुढचं बरंचसं त्या वहीतून आलेलं आहे.

आत्ता या क्षणी तेच चालू असेल तर

बाकीचं नंतर वाचा. आधी बसा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, एवढंच तंत्र. नाकाने श्वास घ्या, तो भरला की वर आणखी थोडा ओढून घ्या, आणि तोंडाने सावकाश सगळा सोडून द्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांनी हे रोज ५ मिनिटं, महिनाभर केलं. त्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली. तुम्हाला आत्ता पाच मिनिटंही नकोत, आठ-दहा श्वास पुरे. शेवटचं खाल्लं कधी आणि पाणी कधी प्यायलात, तेही आठवा. हसू नका. माझ्या सात नोंदींपैकी दोन निव्वळ उपाशीपोटीच्या होत्या.

मग कागद. फोन नको. फोन उघडला की नवीन चार गोष्टी आधी दिसतात. डोक्यात जे जे फिरतंय ते कसंही, क्रम न लावता, लिहून काढा. दहा मिनिटं. डोक्यात एका वेळी किती गोष्टी खेळवता येतात यावर मानसशास्त्रात जुना वाद आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ७ हा आकडा गाजवला, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो साधारण ४ वर आणला. आकडा कुठलाही धरा, तुमच्या डोक्यात आत्ता तीस गोष्टी आहेत. त्या मावत नाहीत, म्हणून एक आत आली की दुसरी बाहेर पडते आणि काहीतरी राहून गेल्याची भीती मात्र मागे राहते.

लिहून झालं की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: उद्या रात्रीपर्यंत हे झालं नाही तर कुणाचं काय बिघडेल? बहुतेक ओळींचं उत्तर ‘काही नाही’ असं येईल. दोन-तीन उरतील. तेवढीच आजची कामं. ‘सगळ्यात अवघड काम आधी’ हा सल्ला चांगल्या दिवसांसाठी ठीक आहे. या तासात तो घातक आहे. पंधरा मिनिटांत पूर्ण संपेल असं एखादं घ्या, संपवा, कागदावर आडवी रेघ मारा, मग मोठ्याला हात घाला.

एक सावधगिरी. छातीत दाब किंवा कळ, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, दरदरून घाम असं काही असेल तर ‘ताण असेल’ म्हणून बसून राहू नका. आधी डॉक्टर.

वहीत काय सापडलं

वही म्हणजे काही थोर नाही. जेव्हा असं होईल त्याच संध्याकाळी चार ओळी लिहायच्या: तारीख, आदल्या दोन रात्रींची झोप, कशावरून सुटलं, आणि आधीच्या आठवड्यात नवीन काय अंगावर घेतलं. चार महिन्यांत सात नोंदी झाल्या.

‘कशावरून सुटलं’ हा रकाना वाचताना मला माझीच लाज वाटली. पासवर्ड चुकला. चार्जर सापडेना. ‘एक मिनिट आहेस का?’ असा मेसेज. एकदा तर प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. सातपैकी एकाही वेळी कारण मोठं नव्हतं. त्या चार महिन्यांत एक खरोखरची मोठी अडचण येऊन गेली, तेव्हा मात्र मी बऱ्यापैकी सावरलेली होते. वहीत तिची नोंदच नाही.

शेवटच्या रकान्यात सातपैकी सहा वेळा काहीतरी होतं. काहीतरी नवीन घेतलं होतं, आणि जुनं एकही सोडलं नव्हतं. ढीग उपसणं का टिकत नाही ते तिथे कळलं. मी दर वेळी साचलेली उधारी फेडत होते आणि खातं उघडंच ठेवत होते. म्हणजे तपासायचं ते कामांचा ढीग नव्हे, कामं आत येतात तो दरवाजा.

भरलेल्या दिवसाचं गणित

एवढ्याशा गोष्टीने माणूस का कोसळतो याचं मला पटलेलं उत्तर टेलिफोनच्या धंद्यातून आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये येणाऱ्या कॉल्सच्या हिशेबावर एक निबंध प्रसिद्ध केला. रांगांचं शास्त्र पुढे त्यातून उभं राहिलं. त्या शास्त्रातलं सगळ्यात साधं गणित असं: काम करणारं माणूस एक, कामं मनाला येईल तेव्हा येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. हे माणूस ५० टक्के वेळ गुंतलेलं असेल, तर हातातलं धरून त्याच्यापुढे सरासरी १ काम असतं. ८० टक्के गुंतलेलं असेल तर ४. ९० टक्के झालं की ९. आणि ९५ टक्के झालं की १९.

हे आकडे पुन्हा वाचा. ८० वरून ९५ वर जाताना काम पाचव्या हिश्श्यानेही वाढलं नाही, रांग मात्र जवळपास पाचपट झाली. माणूस तेच, त्याची क्षमता तीच, आळस कुठेच नाही. आपण मात्र आपल्याला दोष देत बसतो, की एवढंसं काम वाढलं तर इतकं काय झालं. गणिताप्रमाणे इतकंच होणार होतं.

त्यात आपले अंदाजही कमी पडतात. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. सगळंच बिघडत गेलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही आशावादी निघाला. तेव्हापासून मी मनात आलेल्या वेळेच्या पावणेदोनपट धरते. नवऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. तो दीडपट धरतो आणि उशिरा पोहोचतो.

उपाय ऐकायला सोपा आहे, पाळायला मला चार महिने लागले: दिवसाचा पाचवा हिस्सा कुणालाच द्यायचा नाही. कामाचे दहा तास असतील तर दोन तास कोरे. हे विश्रांतीचे तास नाहीत, छंदाचेही नाहीत. ते अडकलेल्या प्रिंटरचे आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत मी ते तास भरून टाकले, कारण कोरी जागा दिसली की आपण फुकट बसलोय असं वाटतं. मग वेळापत्रकात तिथे ‘अडचण’ असंच लिहून ठेवायला लागले. कुणी विचारलं तर सांगता येतं, मला त्या वेळी एक अडचण आहे. खोटं नाही. अजून आलेली नसते एवढंच.

‘बघणे’ हे काम नाही

धाकटी बहीण एकदा आली होती. माझी यादी टेबलावर पडलेली होती, ती मोठ्याने वाचायला लागली. “भाडेकराराचं बघणे. विम्याचं बघणे. आईच्या चष्म्याचं बघणे. कपाटाचं बघणे. ताई, तू नुसती बघतच बसणारेस का?”

मला राग आला. ती गेल्यावर मोजलं. ३१ ओळी होत्या, त्यातल्या १४ ‘बघणे’वर संपत होत्या.

तुमची यादी काढून पाहा. ‘बघणे’ नसेल तर ‘मार्गी लावणे’, ‘पाठपुरावा’, ‘काहीतरी करणे’ असेल. हे शब्द लिहिले की काम लिहिल्याचं समाधान मिळतं, पण नेमकं करायचं काय हे ठरवायचं बाकीच असतं. मग यादी वाचताना दर वेळी डोकं त्या ओळीपाशी अडतं, आता नेमकं काय बरं करायचं, असा विचार सुरू करतं, दमतं, पुढच्या ओळीवर जातं. चौदा ओळींवर हे दिवसातून चार वेळा होत असेल तर एकही काम न करता माणूस संध्याकाळी गळून का जातं याचं आश्चर्य नको.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं ही गोष्ट संशोधकांच्या नजरेतून सुटलेली नाही. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये दाखवलं की मधेच तोडलेली कामं पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच हाती आला नाही, तेव्हा त्यावर फार इमारती बांधू नयेत. मला जास्त उपयोगी पडलं ते मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांचं २०११ मधलं काम. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी लोकांच्या दुसऱ्या कामात लुडबुड करत होत्या, आणि ती लुडबुड थांबण्यासाठी त्या गोष्टी पूर्ण करायची गरज पडली नाही. त्या कधी आणि कशा करायच्या याचा नेमका बेत ठरला, तेवढं पुरलं. म्हणजे डोक्याला काम संपल्याची पावती लागत नाही, पत्ता लागतो.

म्हणून प्रत्येक ‘बघणे’ मोडायचं. नियम एकच: वाक्य वाचून हात कुठे जाणार हे कळलं पाहिजे. ‘विम्याचं बघणे’ याचं झालं ‘विम्याचा कागद कपाटातून काढून मुदत कधी संपते ते वहीत लिहिणे, गुरुवारी आल्या आल्या’. चष्म्याचं झालं ‘आईला फोन करून विचारणे: जवळचं धूसर दिसतं की लांबचं?’ इतकं बारीक लिहायला बावळटपणा वाटतो. वाटू दे. चौदापैकी नऊ ओळी अशा फुटल्या आणि त्यातल्या सहा त्याच आठवड्यात संपल्या.

काही मात्र फुटत नाहीत, आणि खरी गोम तिथे असते.

माझ्या यादीत भाडेकरार तसा होता. दर वेळी नव्या यादीत उतरवायचे, दर वेळी राहायचा. पाच महिने. वरकरणी काम म्हणजे एक फॉर्म आणि दोन सह्या. पण करार पुढे चालवायचा म्हणजे त्या घरात राहायचं, आणि राहायचं का याचं उत्तर आम्हाला दोघांनाही द्यायचं नव्हतं, कारण त्यामागे नवऱ्याची नोकरी, मुलाची शाळा, माझ्या आईचं वय असं सगळं उभं होतं. ओळ होती फॉर्मची, वजन होतं संसाराचं. आणि त्या वजनाने बाकीच्या तीस साध्या ओळीही जड झाल्या होत्या. मला वाटत होतं तीस कामं झेपत नाहीत. झेपत नव्हतं ते एकच, आणि ते काम नव्हतंच. तो न घेतलेला निर्णय होता.

ओळखायची खूण: तीन याद्यांमधून जे तसंच्या तसं पुढे सरकलं ते. त्याला यादीतून काढा आणि वेगळ्या पानावर पूर्ण प्रश्न म्हणून लिहा, प्रश्नचिन्हासकट. ‘भाडेकरार’ नाही; ‘आपण याच घरात आणखी दोन वर्षं राहायचं का?’ खाली लिहा की हे ठरवायला कुणाकुणाशी बोलावं लागेल, कोणती माहिती हवी, आणि मला यात नेमकी कसली भीती आहे. भीतीची ओळ टाळू नका, सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्लेला असतो. मग निर्णयाची तारीख घाला. निर्णय आज नको, तारीख आज हवी. विचार यायचा थांबत नाही, पण आला की ‘सोळा तारखेला’ एवढं उत्तर त्याच्यासाठी तयार असतं, आणि तो बराच निमूटपणे परत जातो. आम्ही सोळाच्या ऐवजी एकोणीसला बसलो. दीड तासात ठरलं.

काम दिलं, लक्ष ठेवणं राहिलं

घरात मदत आहे, कामं वाटून दिलेली आहेत, तरी डोकं रिकामं होत नाही अशी तक्रार असेल तर इथे तपासा. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये घरातल्या डोक्याने करायच्या कामाचे चार भाग पाडले: पुढे काय लागणार याची आधीच चाहूल घेणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना दोघं बऱ्यापैकी एकत्र असत. चाहूल आणि लक्ष ही दोन टोकं मात्र बायकांकडे जास्त होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं एक वाक्य ऐकू आलं: “तू फक्त सांग, मी करतो.” वाक्य प्रेमळ आहे आणि त्यात खोट नाही. पण सांगायचं म्हणजे आठवायचं, वेळ साधायची, नंतर विचारायचं, आणि विचारलं की किरकिर केल्यासारखं दिसायचं. हातांचं काम त्याच्याकडे गेलं, डोक्याचं चारही भागांसकट माझ्याकडेच राहिलं.

म्हणून द्यायचं तर अख्खं द्यायचं, आठवण ठेवण्यासकट. आम्ही बिलं आणि गाडी पूर्णपणे त्याच्याकडे दिली. दुसऱ्याच महिन्यात एका बिलाची तारीख चुकली. मला तीन दिवस आधी आठवलेलं होतं आणि मी बोलले नाही. इतकं अवघड काम मी त्या वर्षात दुसरं केलं नसेल. विलंबशुल्क भरलं, त्याने चिडून सगळी बिलं आपोआप भरली जातील अशी सोय करून टाकली, आणि तेव्हापासून बिल हा शब्द माझ्या डोक्यात येत नाही. आठवण करून दिली असती तर ते काम आजही माझं असतं.

एकट्याने सगळं ओढणाऱ्यांना, किंवा घरात तान्हं मूल वा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांना यातलं पुष्कळसं लागू पडणार नाही, हे मला कळतं. तिथे यादी कितीही नीट मांडली तरी काम तेवढंच राहतं. तिथे हात हवेत. लोक ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात ते मनापासून म्हणतात, पण काय लागेल हे शोधायचं आणखी एक काम तुम्हाला देऊन जातात. म्हणून तीन गोष्टी लिहून तयार ठेवा, अगदी बारीक: ‘मंगळवारी दुपारी दोन ते चार बाबांजवळ बसशील का?’ अशा. पुढच्या वेळी कुणी विचारलं की लाजू नका, त्यातली एक वाचून दाखवा. नेमकं मागितलं की लोक बहुधा हो म्हणतात. न जमणारेही नेमकं नाही म्हणतात, आणि तेही उपयोगाचं असतं.

झोप

थोडक्यात, कारण माहीत सगळ्यांनाच आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रात्री ६ तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरण इतकं घसरलं होतं की ते १-२ रात्री सलग जागलेल्या माणसांच्या जोडीला बसलं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तितकी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. तेव्हा ‘मला सहा तास पुरतात’ हे तुमचं मत त्याच थकलेल्या डोक्याने बनवलेलं असू शकतं. माझ्या सात नोंदींपैकी पाचांच्या आधी दोन वाईट रात्री होत्या.

अंथरुणावर पडलं की कामं आठवत असतील तर २०१८ मधला एक छोटा प्रयोग पाहा. ५७ तरुण, झोपण्याआधी ५ मिनिटं लेखन. अर्ध्यांनी येत्या दिवसांत करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली. करायची कामं लिहिणारे साधारण ९ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांनी जास्त तपशिलात लिहिलं ते आणखी लवकर. इथेही ‘बघणे’ चालणार नाही.

‘बघते’ म्हणायचं थांबवणं

यादीतल्या ‘बघणे’चं मूळ बहुतेकदा बोलण्यातल्या ‘बघते’मध्ये असतं. कुणी काही मागितलं, नाही म्हणायचं जिवावर आलं, हो म्हणायची ताकद नव्हती, म्हणून ‘बघते’. आपल्याकडून तो सभ्य नकार असतो. ऐकणारा त्याला होकार समजतो. आणि आपल्याच डोक्यात ते एका तिसऱ्याच रूपात, ऋण म्हणून, जमा होतं. वहीच्या शेवटच्या रकान्यातल्या सहा गोष्टींपैकी चार मी ‘बघते’ म्हणून आत घेतल्या होत्या. त्यातली एकही धड केली नाही. तरी चारही डोक्यात होत्या.

मी आता तयार वाक्यं ठेवते, कारण ऐन वेळी सुचत नाही. “या महिन्यात नाही जमणार. पुढच्या महिन्यात विचारलंत तर तेव्हा नक्की सांगेन.” कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो, आणि मग तुम्हाला दुसरं कारण शोधावं लागतं. वरिष्ठांना थेट नाही म्हणता येत नाही, तिथे मी म्हणते, “घेते सर. मग आधीच्या दोनपैकी कोणतं मागे ठेवू, ते सांगा.” नळीतून एक ढकलायचं तर दुसऱ्या टोकाने एक बाहेर पडलं पाहिजे, हे त्यांनाही दिसावं एवढाच हेतू. तीनदा विचारलं. दोनदा त्यांनी खरंच एक काम मागे ठेवलं. तिसऱ्यांदा ‘दोन्ही करा’ म्हणाले. तेव्हा निदान उशीर होणार हे आधी बोलून झालं होतं.

आणि अगदीच उत्तर सुचलं नाही तर ‘बघते’च्या जागी ‘उद्या सकाळी सांगते’. मग उद्या सकाळी खरंच सांगायचं. एक मैत्रीण महिनाभर रुसली होती. माझ्या सगळ्या ‘बघते’ मिळून तिचं जेवढं काम अडलं होतं, त्याबद्दल ती कधीच रुसली नव्हती, हे मात्र मला कोडंच आहे.

करून पाहिलं, उपयोग झाला नाही

कामांची नोंद ठेवणारी तीन ॲप. प्रत्येकात सुरुवातीचे दोन दिवस रंग ठरवण्यात गेले. पहाटे पाचला उठणं: रात्री अकराला झोपणारीने पाचला उठलं तर मिळालेला वेळ झोपेच्या खात्यातून वळता झालेला असतो. महिन्यातून एकदा ‘डिजिटल उपवास’: दुसऱ्या दिवशी दुप्पट मेसेज. त्यापेक्षा ग्रुपची सूचना-घंटी कायमची बंद आणि दिवसातून तीनदा स्वतः उघडून पाहणं हे टिकलं. ज्यांना खरंच घाई असते ते फोन करतात.

तरीही हटत नसेल तर

महिना-दोन महिने हे सगळं करूनही फरक नसेल, तर बिघाड वेळापत्रकात नाही असं समजून पुढे जा. थायरॉइडचं काम मंदावलेलं असेल, रक्तात लोह किंवा बी-१२ कमी असेल, तरी साधी कामं डोंगराएवढी वाटतात. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. चाळिशीच्या आसपासच्या बायकांनी पाळीच्या बदलांचाही विचार डॉक्टरांशी बोलावा. लहानपणापासून एकही काम शेवटाला जात नसेल, तर मोठ्या वयातही एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याच्या विकाराचं, निदान होऊ शकतं.

थकवा फक्त नोकरीशी बांधलेला असेल, म्हणजे कामाचा उबग, त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना असे तिन्ही एकत्र असतील, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला बर्नआउट म्हणते. २०१९ मधल्या वर्गीकरणात तिने तो आजार म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे. तिथे वही-कागदापेक्षा नोकरीच्या अटींवर बोलणं भाग आहे.

आणि सलग दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, आवडणाऱ्या गोष्टीतही रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आपण नसतो तर बरं, असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तरी दोन आठवडे मोजत बसू नका. आजच घरातल्या कुणाला तरी सांगा, आणि डॉक्टरांना किंवा तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा.

माझी वही अजून चालू आहे. सातव्या आणि आठव्या नोंदीत अकरा आठवड्यांचं अंतर पडलं. आठवी गेल्या महिन्यातली आहे. झोप: ठीक. कशावरून सुटलं: छत्रीची काडी मोडली. नवीन काय घेतलं: सोसायटीचे हिशेब तपासून देणे. त्यापुढे कंसात, बारीक अक्षरात: ‘बघते’ म्हणाले होते.